संडासाचा खड्डा आणि खर्चाचा हिशेब

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले. आता हा माणूस संडासावर बोलणार म्हटल्यावर मागच्या ओळीत हसू आले. हसा, हरकत नाही. पण ज्यांनी घराला संडास बांधला त्यांनी आधी हात वर करा. बरेच आहेत. आता त्याचा एकूण खर्च ज्यांनी कागदावर मांडला असेल त्यांनीच हात वर ठेवा. पाहा, चारसुद्धा राहिले नाहीत.

क्विंटलभर कापूस पिकवायला काय पडते ते आपण तोंडपाठ सांगतो. ही सवय आपल्याला आंदोलनाने लावली. घरामागच्या खड्ड्याला मात्र आपण ती लावत नाही. तिथे गवंडी सांगेल तो आकडा खरा.

गवंडी काय सांगतो? "काका, बांधायचीच तर मोठी टाकी बांधा. पन्नास वर्षे पाहायला नको." आपल्यालाही ते पटते. मग आठ फूट लांब, चार फूट रुंद, सहा फूट खोल अशी सेप्टिक टँक निघते. तळाला काँक्रीट, चारही बाजूंनी नऊ इंची भिंत, मध्ये आडवी भिंत, आतून गिलावा, वर स्लॅब, हवेचा पाइप. नुसत्या भिंतींचा ढोबळ हिशेब केला तर सतराशेच्या आसपास विटा लागतात.

आता दुसरा मार्ग पाहा. दोन खड्ड्यांचा संडास. प्रत्येक खड्डा आतून सव्वातीन फूट व्यासाचा, चार फूट खोल. भिंत साडेचार इंची आणि जाळीदार, म्हणजे विटांमध्ये भोके ठेवलेली. तळ मातीचाच. गिलावा नाही, हवेचा पाइप नाही. दोन्ही खड्ड्यांना मिळून विटा लागतात पाचशेच्या आसपास. वर दोन झाकणे आणि मध्ये पाणी वळवायला एक छोटे चेंबर. सतराशे आणि पाचशे. तुमच्या गावात विटेचा जो भाव असेल त्याने गुणा, सिमेंट आणि मजुरी धरा, आणि उत्तर घरी जाऊन घरधनिणीला सांगा.

कोणी म्हणेल, एवढासा खड्डा वर्षात भरेल. भरत नाही. खड्ड्यात जाते त्यातले बहुतेक पाणीच असते आणि ते जमिनीत मुरते. पाच माणसांच्या घराचा एक खड्डा भरायला साधारण तीन वर्षे लागतात. तो भरला की चेंबरमध्ये त्याची वाट बंद करायची, दुसऱ्याची उघडायची. दुसरा चालू असताना पहिल्यातला मैला कुजून माती होतो. दीड वर्ष त्याला हात लावायचा नाही. मग निघते ते कोरडे, वास नसलेले खत.

दुसरी शंका काळ्या मातीची. आपली कपाशीची जमीन पाणी लवकर पीत नाही, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. "म्हणून तर टाकी हवी," असे सांगितले जाते. इथे आपण फसतो. टाकी पाणी गिळत नाही. जेवढे पाणी आत जाते तेवढेच दुसऱ्या तोंडाने बाहेर येते, तेही घाण. त्याला पुढे शोषखड्डा लागतोच. टाकीवर पैसा संपला म्हणून शोषखड्डा राहतो आणि पाइप गटारात सुटतो. संडास तुमचा आणि घाण शेजाऱ्याच्या दारात.

काळ्या मातीवर उपाय सोपा आहे. खड्डा फूटभर जास्त रुंद खणा आणि विटांच्या भिंतीबाहेर चारही बाजूंनी फूटभर वाळू, खडी किंवा विटांचे बारीक रोडे भरा. विहीर किंवा हातपंप असेल तर किमान तेहतीस फूट दूर राहा, आणि खालचा खडक भेगांचा असेल तर त्याहूनही दूर. बोअरसारखा खोल खड्डा कदापि घेऊ नका. तो भरत नाही, कारण घाण सरळ प्यायच्या पाण्यात जाते. भांडे ग्रामीण पद्धतीचे, जास्त उताराचे घ्या, खाली उथळ कोंबडा बसवा. दीड-दोन लिटर पाण्यात काम होते. चैत्र-वैशाखात ज्या बाईच्या डोक्यावर हंडा असतो तिला विचारा, दोन लिटर आणि दहा लिटर यांत फरक काय.

आता मी खऱ्या कारणाकडे येतो. मोठी टाकी आपण खड्डा भरण्याच्या भीतीने बांधतो, म्हणजेच तो उपसण्याच्या भीतीने. हे काम आपले नाही, ठरावीक जातीच्या माणसाचे आहे, असे मनात बसले आहे. पन्नास वर्षे त्याला बोलवायला नको म्हणून आपण कर्ज काढून टाकी पुरतो. पण टाकीत गाळ साचतोच. दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. गाडीला भाडे द्या, नाहीतर माणूस उतरवा. टाकीतला वायू दिसत नाही. एक माणूस पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दोघेही वर येत नाहीत. 2013 च्या कायद्याने साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे गुन्हा ठरले. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. जीव काही परत येत नाही.

कुजलेल्या खड्ड्याची गोष्ट वेगळी. 2017 च्या फेब्रुवारीत तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात केंद्राच्या पेयजल व स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि फावड्याने खत काढले. आपल्याकडे कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी त्याच्या किती तरी आधी मैल्याचे खत करून दाखवले. आपल्या भाषेत त्याला सोनखत हा शब्द आहेच. युरियाच्या गोणीसाठी रांग लावणाऱ्याने घरच्या खताला नाक मुरडावे, हा कुठला हिशेब?

अनुदानाचे दोन शब्द. 2014 साली स्वच्छ भारत अभियानात संडासाला 12,000 रुपये ठरले. पुढे त्याची वाटणी केंद्राचे 7,200 आणि राज्याचे 4,800 अशी झाली. दारिद्र्यरेषेवरच्या घरांपैकी अल्प व अत्यल्प भूधारक शेतकऱ्यालाही त्यात जागा दिली. 2020 साली दुसरा टप्पा आला. सिमेंट महागले, मजुरी वाढली, आकडा तोच राहिला. हमीभावाची वजाबाकी इथेही आहे. त्यावर ठराव करूच. पण ही रक्कम टाकीसाठी कधी धरलीच नव्हती, दोन खड्ड्यांसाठी होती. टाकीचा वरचा पैसा कापसाच्या पट्टीतून जातो, नाहीतर सावकाराच्या वहीतून येतो.

ज्यांचे बांधून झाले त्यांनी काही फोडू नये. एकच खड्डा असेल तर बाजूला तीन-चार फुटांवर दुसरा घ्या, मध्ये चेंबर बसवा. टाकीचे पाणी गटारात जात असेल तर फक्त शोषखड्डा घ्या. नव्याने बांधण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते.

1986 च्या चांदवडच्या अधिवेशनात आपल्या मायबहिणी आपले दुःख बोलल्या. अंधाराची वाट पाहत दिवस काढणे हे त्यातलेच. संडास हवाच. पण तो घर बुडवून नको आणि कोणाचा जीव घेऊन नको.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक शाखेने एक काम करून यावे. आपल्या गावातल्या एका टाकीचा आणि एका दोन खड्ड्यांच्या संडासाचा सगळा खर्च, विटेपासून मजुरीपर्यंत, कागदावर मांडून आणावा. ते कागद शेजारी शेजारी ठेवू. पुढचे भाषण करायची मला गरज राहणार नाही.