पूररेषेच्या आतला भराव



पंचगंगेकाठच्या या शहरात जुलै उजाडला की चहाच्या टपरीवरही राजाराम बंधाऱ्याच्या पातळीचीच चर्चा असते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सांगलीत आयर्विन पुलापाशी ते ५७ फुटांच्या पुढे होते. दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा महापूर आला. नदी एवढी अंगवळणी पडलेली असताना तिच्या पूरक्षेत्रात दरवर्षी नवी बांधकामे कशी उभी राहतात, या एकाच प्रश्नाबद्दल मला आज बोलायचे आहे.

नियम नाहीत, असे कुणी म्हणू नये. जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा २०२०च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत निषिद्ध आहे. बाग, वाहनतळ, ओट्यांचा भाजीबाजार, स्मशानभूमी असे मोजकेच वापर तिथे चालतात. निळ्या आणि लाल रेषांमधला पट्टा नियंत्रित. तिथे बांधा, पण जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच ठेवा, अशी अट आहे.

या अटीपाशी जरा थांबू या. जोते उंच झाले की त्या घरातला माणूस सुरक्षित राहतो, आणि राहिलाच पाहिजे. पण जोते उंच करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे भराव. एक एकर जमिनीवर दोन मीटर भराव टाकला तर सुमारे ८० लाख लिटर पाण्याची जागा जाते, म्हणजे दहा हजार लिटरच्या आठशे टँकरची. ते पाणी शेजारच्या वस्तीत शिरते. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर एका वेळी एकच फाइल असते आणि त्या एका फाइलीने नदीला काही फरक पडत नाही, असेच वाटते. अशा सगळ्या फाइलींची बेरीज करण्याची जबाबदारी आजवर कुणावरच टाकलेली नाही.

भराव पडतो तो नदी उतरल्यावर, हिवाळ्यात. रात्री डंपर येतात. खाली पाडकामाचा राडारोडा, वर मुरूम, मग जेसीबीने सपाटी. कागदावर तोपर्यंत काहीच झालेले नसते. ना बिनशेतीचा अर्ज, ना बांधकाम परवाना. पुढे पत्र्याची शेड येते, लॉन येते, मंगल कार्यालय येते. रीतसर अर्ज होईपर्यंत मोजणीत जमीनच उंच निघते आणि मालक म्हणतो, माझी जागा पुरात येतच नाही. मोजणी करणाऱ्याने खोटे लिहिलेले नसते. त्याने भरावाची उंची मोजलेली असते.

पुण्याचे उदाहरण ताजे आहे. मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेक विसर्ग धरून आखली आहे. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरले. धरणाखालच्या भागातही त्या वेळी जोरदार पाऊस होता, हे खरे. पण नदीची जागा आक्रसली आहे, हेही तितकेच खरे.

नदीला जागा कशी द्यायची, हे पाहायला आपल्या या शहराजवळच्याच नृसिंहवाडीला पाहा. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर देऊळ उभे आहे. पूर आला की उत्सवमूर्ती वर नेतात. पाणी पादुकांवरून वाहून दक्षिण दाराने बाहेर पडते आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्याला भाविक स्नानासाठी गर्दी करतात. पाण्याला आत येऊ देणारी आणि वाट देणारी ही बांधणी आपल्याच मुलखातली आहे. नियंत्रित पट्ट्यात बांधायचेच असेल तर इमारत खांबांवर उचला आणि खालचा मजला मोकळा सोडा. तिथे भिंती घालून गाळे काढू नका.

यात गरिबाला गुन्हेगार ठरवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. सांगलीच्या शामरावनगरसारख्या सखल भागात गुंठेवारीत अर्धा-एक गुंठा घेऊन राहणाऱ्यांना स्वस्त जागा दुसरीकडे कुठे मिळाली असती? त्यांना हटवण्याची भाषा करण्याआधी पूररेषेची नोंद सातबाऱ्यावर आणि मिळकत पत्रिकेवर आणा. विसार देण्याआधी माणसाला कळले पाहिजे की आपण निळ्या रेषेच्या आत जागा घेतोय. निषिद्ध पट्ट्यातला शेतकरी नुकसानभरपाई मागतो, तीही रास्त आहे. शहर वाचावे म्हणून त्याने जमीन मोकळी ठेवायची असेल, तर त्याचा मोबदला शहराने द्यायला हवा.

भराव रोखायला नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार जमिनीत केलेला मोठा बदल हाही विकासच आहे. कलम ५३ची नोटीस काढून जमीन पूर्ववत करून घेण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणाला आहे. मात्र पूर्वीची पातळी किती होती, याचा पुरावा नसेल तर ती नोटीस टिकत नाही. म्हणून माझी मागणी आहे की लाल रेषेच्या आतल्या प्रत्येक भूखंडाच्या पातळ्या येत्या हिवाळ्यात, डंपर यायच्या आत, मोजून घ्याव्यात. तो तारीखवार नकाशा पालिकेच्या आणि तलाठ्याच्या कार्यालयात लोकांना पाहता येईल असा लावावा. पुढची प्रत्येक परवानगी त्याच पातळ्या धरून द्यावी. या परिषदेच्या समारोपाच्या सत्रात हा ठराव मी मांडणार आहे. त्याला आपली साथ हवी आहे, आणि मोजणीच्या कामाला आपल्यातल्या सर्वेक्षकांचे हातही.