सक्तीचा विसावा



आवडते कार्य परिस्थितीने बंद पाडले, म्हणजे प्रथम हात थांबतात व मागोमाग उत्साहही मावळू लागतो. इ. स. २०२० साली साथीमुळे पंढरीची पायी वारी राहिली. पादुका ३० जून रोजी एसटीच्या गाडीने पंढरपुरास गेल्या. आपली मंदिरेही मार्चपासून १६ नोव्हेंबरपर्यंत भाविकांस बंद होती. गायकवृंदास एकत्र गाणे अशक्य झाले. अशा समयी काय करावे? आम्हांस वाटते, संपूर्ण कार्य साधत नसेल तर त्याचा लहानसा अंश ठरल्या वेळी नित्य करावा. गायकाने घरी घटकाभर स्वर धरावा, वादकाने बोटे चालती ठेवावी. २०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली. वाट कधी उघडेल हे आपल्या हाती नसते. पाय तयार ठेवणे मात्र असते.