गाडी बदलायची? आधी वही उघडा



कामं आवरली का? भाकऱ्या राहिल्या असतील तर थापता थापता ऐका. आजचा विषय हिशेबाचा आहे, पण अवघड नाही.

मी आमच्या बचत गटाची वही सांभाळते. गेल्या महिन्यात बैठकीत कर्जाच्या दोन मागण्या आल्या, दोन्ही विजेवरच्या स्कूटरसाठी. लगेच दोन तट पडले. एक म्हणाली, "पेट्रोलनं कंबर मोडली, विजेचीच घ्या." दुसरी म्हणाली, "व्हय, पर वाटंत चार्जिंग संपलं तर ढकलत कोण न्यायची?" तेवढ्यात कोपऱ्यातल्या आक्का बोलल्या, "माझ्या दारात एक उभी हाय बघा. चौदा महिन्यांत बॅटरी बसली."

सगळ्या गप्प झाल्या. कारण गटाचा पैसा म्हणजे आपल्या वीस जणींची बचत. तो बुडला तर एकीचा बुडत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, मत नंतर, आधी हिशेब. तोच आज तुमच्यासमोर मांडते.

पहिली ताई भाजी आणि चटण्या घेऊन गावोगाव फिरते. गडहिंग्लज, कधी आजरा, कधी संकेश्वर. रोजचे चाळीस किलोमीटर आणि महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे महिन्याला १,००० किलोमीटर. तिची पेट्रोलची स्कूटर लिटरला पन्नास देते असं धरू. वीस लिटर पेट्रोल लागतं. लिटर १०५ रुपये धरलं तर २,१०० रुपये झाले.

आता वीज. साध्या विजेच्या स्कूटरला शंभर किलोमीटरला तीन ते साडेतीन युनिट लागतात. हजार किलोमीटरला ३५ युनिट धरा. घरगुती बिलात पहिली शंभर युनिटं स्वस्त असतात आणि शंभराच्या पुढे दर जवळजवळ दुप्पट होतो, हे बिल भरणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. म्हणून आम्ही वरचाच दर धरला, कर वगैरे मिळून युनिटला १३ रुपये. साडेचारशे रुपये झाले. म्हणजे महिन्याला सोळाशे-साडेसोळाशे वाचले.

ऐकून बरं वाटलं ना? थांबा. यातून बॅटरी वजा करायची आहे.

विजेच्या गाडीत बॅटरी हीच सगळ्यात महागाची वस्तू. लिथियमची चांगली बॅटरी बदलायची वेळ आली तर पन्नास-साठ हजारांची तयारी ठेवावी लागते. म्हणून वाचलेल्या पैशातले हजार रुपये दर महिन्याला बॅटरीच्या नावानं बाजूला टाकायचे. मग हातात उरतात सहा-सातशे. शिवाय इंजिन ऑइल, प्लग, कार्बोरेटर असला खर्च नाही. या ताईची जुनी गाडी पंधरा वर्षांची झाली होती, पुन्हा पासिंगला आली होती, गॅरेजचा खर्च दर महिन्याला चालूच होता. तिला गाडी बदलायचीच होती. नवी पेट्रोलची घ्या नाहीतर विजेची घ्या, पैसे दोन्हीकडे घालायचेच. तिच्यासाठी विजेची बरोबर, असं गटानं ठरवलं.

दुसरी वहिनी. तिची स्कूटर सहा वर्षांची, एकदम धडधाकट. मुलाला शाळेत सोडणं, डेअरीत दूध घालणं, दिवसाचे पाच किलोमीटर. महिन्याचे सव्वाशे. अडीच लिटर पेट्रोल, २६० रुपये. विजेवर हाच खर्च साठ रुपयांचा. वाचले दोनशे. वर्षाला २,४००. आता जुनी वीस हजाराला विकून लाखाची नवी घेतली तर वर घालायचे ८०,०००. ते वसूल व्हायला किती वर्षं लागतील? तेहतीस! आणि मध्ये बॅटरी बदलली तर कधीच नाही. वहिनी स्वतःच हसायला लागल्या. म्हणाल्या, "माझी जुनीच बरी."

आणि यात पर्यावरणाचंही काही बिघडत नाही. विजेची गाडी चालताना धूर सोडत नाही, बाजारात रस्त्याकडेला दिवसभर बसणाऱ्या बाईच्या छातीला ते फार मोलाचं आहे. पण ती बॅटरी बनवायला खूप ऊर्जा लागते, आणि आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशावर तयार होते. गाडी भरपूर चालली तर तो बोजा फिटतो आणि पुढे फायदाच होतो. दिवसाला पाच किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा बोजा फिटायला फार वर्षं जातात. धडधाकट गाडी मोडीत काढून नवी आणणं म्हणजे दर वेळी शहाणपण नव्हे.

आता आक्कांच्या गाडीचं काय झालं ते सांगते, कारण तिथंच आपण फसतो. आक्कांनी स्वस्तातली गाडी घेतली होती. "लायसन लागत नाही, पासिंग लागत नाही," असं विकणाऱ्यानं सांगितलं. ते खोटं नव्हतं. ताशी २५ किलोमीटरच्या आतली, २५० वॉटपर्यंतची मोटर असलेली गाडी असेल तर तसा नियम आहे. पण त्या गाडीत शिशाची बॅटरी होती, आपल्या इन्व्हर्टरला असते तसली. ती वजनाला जड आणि आयुष्याला कमी. त्यात आक्का रोज दोन पोती घेऊन चढ चढायच्या. बॅटरी चौदा महिन्यांत बसली. गॅरंटीचा कागद पाहिला तर बारा महिन्यांचाच. विचारायला गेल्यावर विकणाऱ्यानं हात वर केले.

म्हणून दुकानात गेल्यावर चार प्रश्न विचारायचे. बॅटरी लिथियमची की शिशाची? तिची गॅरंटी किती वर्षांची, आणि ती कागदावर आहे का? साधारण तीन वर्षं तरी हवीच. बिघाड झाला तर दुरुस्ती गडहिंग्लजमध्ये होते की कोल्हापूरला न्यावी लागते? कोल्हापूर इथून सत्तरेक किलोमीटर, टेम्पोत घालून न्यायची झाली तर वर्षाची बचत भाड्यातच जाईल. आणि चौथा प्रश्न, कागदावर लिहिलेलं अंतर खरंच जाते का? चढ, ओझं, मागे बसलेलं माणूस, खराब रस्ता, यात पाव ते तिसरा हिस्सा कमी होतो. शंभर लिहिलं असेल तर सत्तरच धरा. विकत घ्यायच्या आधी आपलंच ओझं घालून आपल्याच चढावर चालवून बघा.

चार्जिंगची भीती वाटते ना? पेट्रोलची गाडी नवी होती तेव्हाही हीच भीती होती. १८८८ साली जर्मनीत बेर्था बेंझ नावाची बाई नवऱ्यानं बनवलेली गाडी घेऊन, त्याला न सांगता, दोन मुलांसह माहेरी निघाली. शंभर किलोमीटरच्या वरचा प्रवास. पेट्रोल पंप नव्हतेच. वाटेत इंधन संपलं तेव्हा तिनं औषधाच्या दुकानातून ते विकत घेतलं. पुढे अमेरिकेत हेन्री फोर्ड पेट्रोलच्या गाड्या बनवून जगप्रसिद्ध झाले, पण त्यांची बायको क्लारा विजेची गाडी चालवायची. कारण तेव्हा पेट्रोलची गाडी पुढून हँडल फिरवून चालू करावी लागे, आणि विजेची गाडी बसल्या जागी सुरू व्हायची. म्हणजे विजेची गाडी काही कालची गोष्ट नाही.

आपल्याकडेही सातारा जिल्ह्यात, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी विजेवरच्या रिक्षेवर पंचवीसएक वर्षांपूर्वीच काम केलं. आणि आपल्या लालपरीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली, त्याच मार्गावर १ जून २०२२ ला एसटीची पहिली विजेची बस 'शिवाई' सुटली.

घरी चार्जिंग करताना मात्र काळजी घ्या. जाड पिनेचं, अर्थिंग असलेलं सॉकेट वायरमनकडून बसवून घ्या. एक्स्टेंशनची वायर खिडकीतून ओढू नका. बॅटरी झोपायच्या खोलीत, कडब्याच्या गंजीजवळ, पाचटाजवळ किंवा गोठ्यात चार्जिंगला लावू नका. गाडी उन्हातून आणली असेल तर थोडी थंड होऊ द्या. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, म्हणून बॅटरी अगदी संपेपर्यंत थांबू नका. घरावर सौर पॅनल बसवायचा विचार असेल तर पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. एक किलोवॉटचं पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देतं. स्कूटरला ते पुरून उरतं.

चारचाकीचं विचारलं होतं काही जणींनी. हिशेब तोच. पुण्याला लेकाकडे वर्षातून चार वेळा जायला आणि लग्नाकार्याला गाडी लागते, एरवी ती अंगणात उभी, असं असेल तर जुनी पेट्रोलची विकू नका. पण जी रोज वडाप करते, प्रवासी नाहीतर माल नेते, तिनं विजेचा विचार जरूर करावा. एवढंच लक्षात ठेवा, घरच्या सॉकेटवर चारचाकी भरायला सगळी रात्र लागते, आणि हायवेवरच्या झटपट चार्जिंगचा दर घरच्यापेक्षा बराच जास्त असतो.

रिक्षा चालवायची इच्छा असणाऱ्यांसाठी सरकारची पिंक ई-रिक्षा योजना आहे. २०२४ मध्ये ती १७ शहरांतल्या १०,००० महिलांसाठी जाहीर झाली, त्यात कोल्हापूर आहे. किमतीचा १० टक्के हिस्सा आपला, २० टक्के सरकारचा, ७० टक्के बँकेचं कर्ज, फेड पाच वर्षांत. चार लाखांची रिक्षा धरली तर आपले ४०,००० आणि कर्ज २,८०,०००. दहा टक्के व्याज धरलं तर हप्ता सहा हजारांच्या आसपास. म्हणजे महिन्याचे सव्वीस दिवस गाडी चालली तर रोजचे सव्वादोनशे-अडीचशे रुपये आधी हप्त्याचे, मग घरचे. ही योजना शहरांसाठी आहे. म्हणून आपण खरंच कोल्हापुरात राहून रिक्षा चालवणार का, हे घरात बसून आधी ठरवा. चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा, एजंटाला पैसे देऊन नको.

आणि शेवटची गोष्ट, मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी. आमच्या गटानं कर्ज मंजूर करताना एक अट घातली. गाडी ताईच्या नावावर, लायसन ताईचं, आणि चावीही ताईकडे. कारण आपल्या घरात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. हप्ता बाई भरते आणि गाडी दुसराच कुणी फिरवतो. मग ती पेट्रोलवर चालो नाहीतर विजेवर, बाई पुन्हा एसटीच्या थांब्यावर उभी.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीपर्यंत एक काम करा. एक महिना रोज लिहून ठेवा, आज गाडी किती किलोमीटर चालली आणि इंधनाला किती पैसे गेले. मग विजेचं बिल शेजारी ठेवा. रोजचं अंतर जास्त असेल, गाडी बदलायची वेळ आलीच असेल आणि घरी सुरक्षित चार्जिंगची सोय असेल, तर विजेची घ्या, आनंदानं घ्या. यातलं एकही नसेल तर जुनीला ऑइल घाला, हवा भरा आणि चालवत राहा. शेजारणीनं घेतली म्हणून नको आणि जाहिरात बघून तर नकोच.

आमची ताई आता रोज सकाळी सातला बाहेर पडते. आवाज येत नाही, म्हणून गल्लीत शिरताना घंटी वाजवते. पोरं म्हणतात, "आली बघा चटणीवाली!" वहीत तिचा दुसरा हप्ता जमा झालाय.