महालातून पायी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



नागपूरच्या बायकांना महाल दाखवायचा म्हणजे लेकीला माहेरची वाट सांगण्यासारखेच आहे. पण महालातून नुसते पाहण्यासाठी म्हणून आपल्यापैकी किती जणी चालल्या असतील? बुधवार बाजारात भाजी घेतली, बडकस चौकात लग्नाची खरेदी केली आणि रिक्षा पकडून घर गाठले. पाहायचे राहूनच जाते.

सुरुवात गांधीद्वारापासून करावी. जुने नाव जुम्मा दरवाजा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने 1702 च्या सुमारास येथली बारा खेडी जोडून नागपूर वसवले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने शहराला तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून तोच शुक्रवारी तलाव. आता त्याला गांधीसागर म्हणतात. आपण नागपूरला भोसल्यांचे म्हणतो खरे, पण पाया गोंडांचा आहे, हे या दरवाज्याखालून जाताना आठवावे.

चांद सुलतान 1739 साली वारला. गादी वली शहाने बळकावली, तेव्हा राणी रतनकुंवरने आपल्या मुलांसाठी वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले. मदत मिळाली, पण पाहुणे 1743 पासून घराचे धनीच झाले. या शहरात मराठी राज्य आले ते अशा एका आईच्या बोलावण्यावरून.

पुढे कोतवालीच्या बाजूला चालत गेले की भोसल्यांच्या राजवाड्याचा परिसर लागतो. काळ्या दगडाचा आणि लाकडी नक्षीने नटलेला तो जुना वाडा 1864 साली आगीत जळाला. वाचली ती नगारखान्याची मोठी कमान. येथे जरा थांबावे, कारण मला जे मुख्य सांगायचे आहे ते याच जागेचे आहे.

तिसरे रघूजी 11 डिसेंबर 1853 रोजी वारले. मुलगा नव्हता, मागाहून घेतलेला दत्तक कंपनी सरकारने मानला नाही आणि 1854 साली राज्य खालसा झाले. मग राजवाड्यातले जडजवाहीर कलकत्त्याला गेले. हत्ती, घोडे, बैल लिलावात मातीमोलाने विकले गेले. सामान बाहेर निघू लागले तेव्हा म्हाताऱ्या बाकाबाईंनी, वाड्याला आग लावीन, असा निरोप पाठवला. ही नोंद के नावाच्या इंग्रज इतिहासकारानेच करून ठेवली आहे.

बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघूजींची राणी. आता आपल्या मारबतीकडे या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून, असे सांगतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली बाकाबाई, असे आपण लहानपणापासून ऐकतो आणि रोगराई घेऊन जा म्हणून ओरडतो. बाईंनी 1857 साली आपल्या माणसांना उठावापासून दूर राहायला सांगितले, हे खरे. ते मला झाकायचे नाही. पण त्याआधी तीन वर्षे घर लुटले जात असताना उभी राहिली तीही हीच बाई. इंग्रजांशी जुळवून घेणारे दरबारी पुरुष काय थोडे होते? बडगे निघतात ते दर वर्षी नव्या माणसांचे. बाकाबाई मात्र कायमची! मिरवणूक बंद करा असे मी म्हणत नाही, मलाही ती आवडते. मुलांना ही दुसरी बाजूही सांगावी, एवढेच म्हणते. तान्हा पोळाही त्याच दिवशी असतो. लाकडी बैल घेऊन मुले दारी येतील, तेव्हा हा खेळ दुसऱ्या रघूजींनी सुरू केल्याचे सांगतात, ही गोष्टही त्यांच्या कानावर घाला.

विकलेले कधीमधी परत येते, पण किती उशिरा! पहिल्या रघूजींची तलवार महाराष्ट्र शासनाने 2025 साली लंडनच्या लिलावातून सुमारे 47 लाख रुपयांना घेतली. तलवारीला निदान लिलाव तरी मिळाला. आपल्या वाड्यांना तोही मिळत नाही.

आता वाडे कसे पाहावेत ते सांगते. दुकानांच्या पाट्यांच्या वर नजर ठेवा. लाकडी सज्जा, कोरलेले खांब, मोठ्या दारातली लहान दिंडी अजून कुठे कुठे दिसते. आत चौक, ओसरी, विहीर आणि माजघर. आपल्या आज्या-पणज्यांचा महाल म्हणजे एवढाच. रस्ता त्यांनी झरोक्यातून पाहिला. केळीबाग रस्ता रुंद होताना जुनी बांधकामे गेली. रहदारीला रस्ता हवा, हे मान्य. पण वारसांची संख्या वाढली, डागडुजी कुणी करायची यावर एकमत होईना, शेवटी बिल्डर आला, असे कितीतरी वाडे कुणाचीही सक्ती नसताना गेले. विकण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. मात्र घर पाडण्याआधी त्याचा एक फोटो, खोल्यांचा एक आराखडा आणि सासूबाईंच्या तोंडची हकिगत लिहून ठेवायला काही खर्च येत नाही. चूल कुठे होती, बाळंतिणीची खोली कोणती, विहिरीवर कुणाकुणाला पाणी भरू देत आणि कुणाला नाही, हेसुद्धा लिहा. सगळे गोडच निघेल असे नाही.

तेव्हा येत्या रविवारी सकाळी साडेसहाला गांधीद्वाराशी जमू. गर्दी व्हायच्या आत कल्याणेश्वराचे दर्शन घेऊन चिटणीस पार्कापर्यंत पोहोचू. चपला चालायच्या घाला, एक वही आणा. वाटेत पुडाची वडी मिळाली तर खाऊ. सांबार स्वस्त असेल तर भरपूर भरलेली असेल. पुण्या-मुंबईकडच्या सुनांना सांगून ठेवते, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बडकस चौकात येऊन मिळावे, तेथून आम्ही हळू चालू.