साप घरात ठेवावा काय?

एका श्रावणातली गोष्ट. आमच्या वर्गाला येणारा एक तरुण गडी म्हणाला, “गुरुजी, बांधावर नाग घावला. मडक्यात ठेवलाय. पंचमीला लोकांना दाखवीन. चार पैसे मिळतील.”

आम्ही विचारले, “मडके कुठे आहे?”

“घरातच. जोंधळ्याच्या मडक्याशेजारी.”

आमच्या अंगावर काटा आला. त्याची धाकटी पोर रोज मडक्यात हात घालून कोंबड्यांना दाणे काढायची. आम्ही त्याला खाली बसवले. त्याला जे सांगितले, तेच तुम्हांला सांगतो.

तामिळनाडूत इरुळा नावाचे आदिवासी लोक आहेत. साप धरावा तर त्यांनीच. पूर्वी ते सापाच्या कातड्यावर पोट भरीत. 1972 साली रानातल्या प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. पुढे कातड्याचा धंदा बंद पडला. मग 1978 साली त्यांची सहकारी संस्था निघाली. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे धरतात. सापाला मारीत नाहीत. विष काढतात आणि काही आठवड्यांनी त्याला रानात सोडतात.

त्यांची तयारी पाहा. आधी सरकारचा परवाना. मग राहत्या घरापासून वेगळी जागा. मातीचे मडके, तळाशी वाळू, तोंडाला कापड बांधलेले. कापडातून हवा जाते, पण साप बाहेर येत नाही. शिवाय नोंद ठेवतात. नोंद नसेल, तर कोणत्या मडक्यात काय आहे, हे कोण सांगणार? सोडताना सापाच्या पोटाच्या खवल्यांवर खूण करतात. म्हणजे तोच साप पुन्हा धरला, तर ओळखू येतो.

ते विष घोड्याला थोडे थोडे टोचतात. घोड्याच्या रक्तात विषावर उतारा तयार होतो. त्यापासून सर्पदंशाचे औषध बनते. माणसे वाचतात.

एवढे करूनही साप चावू शकतो. चावलाच, तर जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. अंगठ्या, बांगड्या काढा. माणसाला चालवू नका, धीर द्या. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. तडक सरकारी दवाखाना गाठा.

आम्ही त्या गड्याला विचारले, “तुझ्याजवळ यातले काय आहे? परवाना आहे? वेगळी जागा आहे?” तो गप्प झाला. परवान्यावाचून नाग ठेवणे हा गुन्हा आहे, हेही त्याला ठाऊक नव्हते.

त्याच दिवशी वनखात्याला निरोप धाडला. त्यांची माणसे आली. त्यांनी नाग नेऊन रानात सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्या घरावरून गेलो. पोर अंगणात कोंबड्यांना दाणे टाकीत होती. बाप आम्हांला म्हणाला, “गुरुजी, चार पैसे गेले ते बरं झालं.”