गोड सोडू नका, गोडाचा हिशेब ठेवा

श्रोतेहो, वजन कमी करायचं ठरलं की पहिली कुऱ्हाड पडते ती गोडावर. ‘उद्यापासून गोड बंद’ अशी घोषणा होते. तो उद्या सोमवार असतो. बुधवारी शेजारच्या मुलाचा वाढदिवस निघतो, शुक्रवारी कुणाकडे सत्यनारायण, रविवारी साखरपुडा. प्रसाद नाकारता येत नाही, केकचा तुकडा नाकारला तर मूल हिरमुसतं आणि साखरपुड्याला जिलबी नको म्हटलं तर घरच्या बाई रुसतात. पंधरवडा उलटत नाही तोच ‘आपल्याच्यानं काही हे होणार नाही’ असं म्हणून माणूस पुन्हा पहिल्यासारखा जेवू लागतो, आणि पंधरा दिवसांची भरपाईही करून घेतो. आपल्या समाजात गोड हा नुसता खाण्याचा पदार्थ नाही, तो एकमेकांशी असलेला व्यवहार आहे. म्हणून गोड साफ बंद करण्यापेक्षा ते कमी उष्मांकांचं करून, मोजून खाता येतं का, याबद्दल आज बोलायचं आहे.

मी उरणजवळच्या मोरा बंदरावर राहते. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच आमच्याकडे येते आणि मुंबईहून परतणाऱ्या माणसाच्या पिशवीत बहुतेक वेळा काहीतरी खाऊ असतोच. खारी, नानकटाई, मावा केक. शिवाय मी घरी केकच्या ऑर्डरी घेते. वाढदिवस, बारसं, लग्नाचे वाढदिवस, आता तर हळदीलाही केक लागतो. चाखल्याशिवाय पदार्थ लोकांच्या हाती देता येत नाही. माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन ७४ किलो होतं. डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करायला सांगितली, ती ६.१ आली. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी मानतात. माझ्या सासूबाई गेली अठरा वर्षं त्या उंबरठ्याच्या आत आहेत. त्यांच्या पायाची एक छोटी जखम भरायला चार महिने लागले, ती ड्रेसिंग मीच करत होते. त्यामुळे ६.१ म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण केक करणं हा माझा धंदा, तो बंद करणंही शक्य नव्हतं.

आपल्याला वाटतं की लठ्ठ दिसतो तोच लठ्ठ. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या समजाला चांगलाच धक्का दिला. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं छायाचित्र शेजारी शेजारी छापलं गेलं. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, हे त्यातून लोकांच्या डोळ्यांपुढे आलं. म्हणूनच आपल्यासाठीची मापं कडक आहेत. बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. कंबरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांचा ८० च्या आत हवा. शिवणकामाच्या डब्यातली टेप काढा आणि आजच मोजून बघा.

आता हिशेबाकडे येऊ. एक ग्रॅम साखरेत चार उष्मांक असतात. मैद्याच्या, कणकेच्या किंवा तांदळाच्या पिठाच्या एका ग्रॅममध्ये साधारण साडेतीन. आणि एक ग्रॅम तुपात, तेलात किंवा वनस्पती तुपात नऊ. एवढे तीन आकडे पाठ असले की पुष्कळ काम भागतं. उदाहरणार्थ, आपली नानकटाई घ्या. सव्वाशे ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम तूप आणि पाऊणशे ग्रॅम पिठीसाखर, एवढ्यात वीस नानकटाया होतात. मैद्याचे साधारण साडेचारशे उष्मांक, तुपाचे नऊशे, साखरेचे तीनशे. एकूण साडेसोळाशे. म्हणजे एका नानकटाईत ८२ उष्मांक, आणि तिचं वजन जेमतेम पंधरा ग्रॅम. दोन घास.

हल्ली दुकानात ‘शुगर फ्री’ नानकटाई मिळते. लोक मोठ्या विश्वासाने एकाऐवजी चार खातात. पण वरच्या हिशेबातून साखर पूर्ण काढून टाकली तरी साडेसोळाशेतले फक्त तीनशे उष्मांक कमी होतात. नऊशे उष्मांकांचं तूप तसंच राहतं, आणि मैदाही रक्तात साखर वाढवतच असतो. म्हणजे डब्यावरचं लेबल खोटं नसतं, पण वजनाच्या दृष्टीने ते अपुरं असतं. वजन कमी करणाऱ्याने साखरेच्या आधी स्निग्धाकडे बघावं, हे मी या हिशेबातून शिकले.

मात्र भाजण्याच्या पदार्थातून तूप आणि साखर नुसती काढून टाकता येत नाही. त्या दोघांना तिथे काम असतं. तूप किंवा लोणी पिठाच्या कणांना वेढून बसतं, त्यामुळे चिवटपणा येत नाही, पदार्थ खुसखुशीत होतो. साखर नुसती गोडी देत नाही; ती पाणी धरून ठेवते म्हणून केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. लोण्याबरोबर फेसताना ती हवा कोंडते, वरचा तांबूस रंगही पुष्कळसा तिच्यामुळे येतो. म्हणून जे काढलं त्याचं काम करणारं दुसरं काहीतरी घालावं लागतं.

नेहमीच्या केकला दोनशे ग्रॅम मैदा, दोनशे ग्रॅम लोणी, दोनशे ग्रॅम साखर आणि चार अंडी लागतात. सगळे मिळून सव्वातीन हजारांच्या आसपास उष्मांक. बारा तुकडे केले तर प्रत्येकी २७०. मी घरच्यासाठी जो केक करते त्यात अर्धा मैदा, अर्धी कणीक घेते. लोण्याऐवजी पन्नास ग्रॅम तेल, दीडशे ग्रॅम दही आणि दोन पिकलेली केळी कुस्करून. साखर शंभर ग्रॅम, अंडी दोन. दह्याचा आंबटपणा आणि खायचा सोडा मिळून केक फुगतो, केळं ओलावा धरतं आणि गोडीही देतं. कणकेतला कोंडा पाणी शोषतो, म्हणून मिश्रण दहा मिनिटं झाकून ठेवावं आणि घट्ट वाटलं तर थोडं दूध घालावं. सोडा मात्र अगदी शेवटी, भट्टीत ठेवण्याआधी. या केकचे एकूण उष्मांक साडेएकोणीसशेच्या आत बसतात. सोळा तुकडे केले की एकेक १२० चा. निम्म्याहून कमी. चिमूटभर मीठ, वेलची आणि जायफळ घातलं की गोडी आहे त्याहून जास्त वाटते, ही आपल्या आजीची युक्ती इथेही चालते.

साखर एकदम अर्धी करू नये. आधी चौथा हिस्सा कमी करावा, घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. महिन्याभराने आणखी थोडी. जिभेला सवय लागते. माझा मुलगा आता बाहेरचा आयसिंगचा केक खाताना आधी वरचं क्रीम बाजूला काढतो, ‘आई, फार गोड आहे’ म्हणतो.

पण कमी उष्मांकांचं बेकिंग ही काही परदेशातून आणायची विद्या आहे असं समजू नका. आपल्या कोकणात धोंडस होतं. कुठे त्याला तवसळी म्हणतात. श्रावण-भाद्रपदात तवशी जून होतात, त्यांचा कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि ओलं खोबरं एकत्र करून जाड बुडाच्या भांड्यात घालायचं, खाली मंद आच आणि झाकणावर निखारे. हा आपला ओव्हनच की! दोन वाट्या कीस, एक वाटी रवा, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी खोबरं आणि दोन चमचे तूप यांचे सगळे मिळून साडेतेराशेच्या आसपास उष्मांक होतात. सोळा वड्या पाडल्या तर एका वडीत ८४. म्हणजे जवळजवळ एका नानकटाईइतकेच. पण नानकटाई पंधरा ग्रॅमची आणि धोंडसाची वडी चाळीस ग्रॅमची. तवशात जवळपास सगळं पाणीच, त्यामुळे उष्मांक तेवढेच राहून ताटातला ऐवज अडीचपट होतो. पोटालाही खाल्ल्यासारखं वाटतं. दुधी, लाल भोपळा, गाजर यांच्या बाबतीतही हेच गणित आहे.

आता गुळाचं बोलले आहे तर एक गैरसमज दूर करते. ‘साखर नको, गूळ चालतो’ असं घरोघरी ऐकू येतं. शंभर ग्रॅम साखरेत चारशे उष्मांक, गुळात ३८० च्या घरात. मधात पाणी असतं म्हणून तीनशेच्या आसपास. गुळाची चव खमंग, रंग सुंदर, ती जरूर घ्यावी. पण वजन आणि रक्तातली साखर या बाबतीत गूळ हा साखरेचा सख्खा भाऊच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, मध वगैरे मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि पाच टक्क्यांच्या आत आली तर उत्तम. ते पाच टक्के म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम, सहा छोटे चमचे. दिवसातून तीन कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर घेतली की कोटा तिथेच संपला. म्हणून मी आधी चहातली साखर काढली आणि ती केकच्या तुकड्यासाठी राखून ठेवली. घरखर्चात करतो तसंच.

कृत्रिम गोडीच्या गोळ्या आणि पुड्यांबद्दलही लोक विचारतात. अॅस्पार्टेम उष्णतेने मोडतं, भट्टीत त्याची गोडी जाते. सुक्रालोज टिकतं, पण साखरेसारखा ओलावा आणि रंग देत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करण्यासाठी अशा गोडीचा आधार घेऊ नये असा सल्ला दिला, कारण दीर्घकाळात त्याने चरबी कमी झाल्याचं दिसत नाही. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी हा सल्ला नव्हता; त्यांनी आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर नवी कोणतीही खाण्याची पद्धत डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये, हेही सांगून ठेवते.

सगळ्यात कठीण प्रश्न मात्र भट्टीपुढे सुटत नाही, तो पंगतीत असतो. आमच्या बंदरावर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात आणि घरोघरी करंज्या असतात. एका करंजीने तळताना एक छोटा चमचा तेल प्यायलं तरी ४५ उष्मांक वाढतात. गेल्या दोन वर्षांपासून मी निम्म्या करंज्या तळते आणि निम्म्या वरून दुधाचा हात फिरवून ओव्हनमध्ये भाजते. पहिल्या वर्षी सासूबाईंनी भाजलेली करंजी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, “अगं, ही आजारी माणसाची करंजी वाटते.” मी म्हटलं, “आई, आजारी पडू नये म्हणूनच आहे ती.” त्या काही बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी जाऊबाई आल्या तेव्हा त्यांनीच बशीत दोन्हीतली एकेक करंजी ठेवली आणि कोणती कशी आहे ते समजावून सांगितलं. आग्रह करण्याची आपली रीत सोडायला नको. चार करंज्यांचा आग्रह एका करंजीवर आणला तरी प्रेम कमी होत नाही.

चौदा महिन्यांत माझं वजन ७४ वरून ६५ किलोवर आलं आणि साखर ५.६ झाली. हे केवळ केकमुळे झालं असं मी म्हणणार नाही. रात्रीच्या दोन भाकऱ्यांची एक झाली, आणि बंदरापासून उरणच्या बाजारात रिक्षाऐवजी पायी जाऊ लागले. पण हे सगळं चौदा महिने टिकलं, ते ताटातून गोड हद्दपार झालं नाही म्हणून. रविवारी आपल्या वाट्याचा एक तुकडा आहे हे माहीत असलं की बुधवारी जिभेवर ताबा राहतो. माझ्या उंचीला बीएमआय २५ च्या आत यायला साठ किलोच्या खाली जायला हवं. अजून पाच किलो बाकी आहेत.

तेव्हा श्रोतेहो, स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याशेजारी एक लहानसा वजनकाटा ठेवा. तूप अंदाजाने न ओतता एकदा मोजून बघा, आपल्या नेहमीच्या ‘चमचाभर’ तुपाचं खरं वजन किती भरतं ते कळेल. वडी लहान पाडा, सावकाश खा. आणि येत्या श्रावणात बाजारात जून तवसं दिसलं तर एकदा धोंडस करून बघा. नमस्कार.