या वयात काय शिकायचं?



आपल्या अकलूजमध्ये चाळिशीतली माणसं म्हणतात, "आता काय शिकायचं?" अहो, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघालं, ते काम करत शिकणाऱ्यांसाठीच. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून आहे. नोंदणी फुकट, एजंटाला दमडी देऊ नका.

पण नुसती नोंदणी करून भागत नाही. शिकलेल्या पोरांनी आईबापाशेजारी बसावं, इंग्रजी समजावून सांगावं, मोबाईल मात्र त्यांच्याच हातात ठेवावा. (आमची पोरं तो हिसकावून घेतात!) आधी विचारावं, "तुम्हाला काय काय येतं?" शिवण, गवंडीकाम, मशीनवरचं काम, सगळं वहीत लिहावं. मग त्या कामाला पुढं कोणतं शिक्षण मागतात, ते शोधावं. आणि ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवावं.